खरी चांदी, उसना ठसा: बुडालेल्या गलबतांची नाणी आणि त्यांच्या प्रतिकृती

#थ्रेड #नाणकशास्त्र

१/
फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. तिथे चांदीचे एक ओबडधोबड नाणे विकत मिळते. त्याची कड वेडीवाकडी असते आणि अक्षरे अर्धी कापलेली असतात. एका बाजूस स्पेनच्या राजाची ढाल, तर दुसऱ्या बाजूस क्रूस आणि त्याच्या चार कोनांत किल्ले व सिंह. सोबतच्या प्रमाणपत्रात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. पहिली, हे नाणे प्रतिकृती आहे. दुसरी, यातली चांदी १६२२ मध्ये बुडालेल्या 'आतोचा' या गलबतातून वर काढलेली आहे.

२/
चांदी चारशे वर्षांपूर्वीची आणि ठसा अलीकडचा. मग हे नाणे खरे म्हणावे की खोटे?

सतराव्या शतकात याच्या नेमकी उलट नाणीही चलनात होती. त्यांच्यावरचा ठसा राजाच्या टाकसाळीचा, अस्सल; पण आतली चांदी हिणकस. त्या प्रकरणात माणसांना प्राणांची किंमत मोजावी लागली. या दोन नाण्यांच्या मधल्या अंतरात 'अस्सल' या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, याचा हा धागा.

३/
सुरुवात डोंगरापासून करू. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर, पोतोसी नावाचे शहर आहे. त्याच्या माथ्यावरच्या 'सेरो रीको' या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. काही दशकांत त्या ओसाड पठारावर युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीची वस्ती उभी राहिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या चांदीचा फार मोठा वाटा या एकट्या डोंगरातून निघत होता.

४/
ही चांदी फुकट मिळत नव्हती. पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात 'मिता' ही सक्तीच्या मजुरीची पद्धत पक्की केली. दूरदूरच्या प्रांतांतल्या मूळनिवासी पुरुषांपैकी दरवर्षी सुमारे सातव्या हिश्श्याला पोतोसीला जावे लागे. असे १३ हजारांहून अधिक लोक वर्षाकाठी तिथे पोचत. कमी कसाच्या खनिजातून चांदी वेगळी करण्यासाठी पारा वापरला जाई, आणि तो येई वांकावेलिकाच्या खाणीतून. पोतोसीच्या खोल बोगद्यांनी जितकी माणसे गिळली, तितकीच भीती या पाऱ्याच्या वाफेचीही होती.

५/
पोतोसीच्या टाकसाळीत १५७० च्या दशकापासून नाणी पडू लागली. रीत साधी होती. चांदी वितळवून तिची पट्टी ओतायची. पट्टीचे तुकडे पाडायचे. तुकडा तराजूत घालायचा आणि जड भरला तर कातरीने कड छाटायची. मग तो दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून घणाचा घाव घालायचा.

गोलाई पाहायला कुणाला वेळ नव्हता, वजन मात्र काटेकोर पाहिले जाई. म्हणून या प्रत्येक नाण्याचा आकार निराळा. कुणावर राजाचे नाव पूर्ण उमटलेले नाही, तर कुणाचे वर्ष कडेबाहेर गेलेले.

६/
'आठ रियाल' हे यातले सर्वांत मोठे नाणे. सुमारे २३० ग्रॅमच्या एका 'मार्को' चांदीतून ६७ रियाल पाडायचे, हा नियम होता. त्या हिशेबाने आठ रियालचे वजन साडेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे आपल्याकडच्या सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक. चांदीचा कस हजारी ९३० च्या जवळपास.

वजन आणि कस या दोन गोष्टींच्या जोरावर हे बेढब नाणे मनिलापासून ॲम्स्टरडॅमपर्यंत चालले. चीनमधले व्यापारी पुढच्या काळात त्यावर स्वतःच्या पारखीचे छोटे ठसे मारत. खुद्द अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश डॉलर १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता.

७/
नाण्यावर आणखी एक लहानशी खूण असे. टाकसाळीच्या अक्षराजवळ (पोतोसीसाठी 'पी') पारख्याचे आद्याक्षर कोरलेले असे. पारखी म्हणजे चांदीचा कस तपासून तो योग्य असल्याची हमी देणारा अधिकारी. ते एक अक्षर म्हणजे त्याची सही होती. कस कमी निघाला तर बोट कुणाकडे दाखवायचे, हे त्या अक्षरावरून ठरत असे.

पोतोसीच्या नाण्यांवर वर्ष घालण्याची पद्धत १६१७ च्या सुमारास आली. त्याआधीच्या नाण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकाला मुख्य आधार असतो तो राजाच्या नावाचा आणि या एका अक्षराचा.

८/
पेरूची चांदी जहाजांनी पनामाला येई. तिथून खेचरांच्या तांड्यावर लादून ती संयोगभूमी ओलांडी, मग पुन्हा जहाजांत चढे. हवाना बंदरात सारी गलबते एकत्र जमत आणि ताफा करून स्पेनकडे निघत. राजाचा वाटा पाचवा हिस्सा, म्हणून प्रत्येक लगडीवर कर भरल्याचा शिक्का असे. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध पेटले होते आणि स्पेनचा राजा सावकारांचे देणे याच ताफ्यांच्या भरवशावर काढत होता.

९/
४ सप्टेंबर १६२२ रोजी हवानाहून २८ गलबतांचा ताफा निघाला. चक्रीवादळांचा मोसम सुरू झाला होता आणि ताफ्याला आधीच उशीर झालेला होता. 'नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा' हे गलबत ताफ्याच्या पिछाडीचे रक्षण करी. त्यावर वीस तोफा होत्या, चांदीच्या नऊशेहून अधिक लगडी होत्या, लाखाहून अधिक नाणी होती. शिवाय तांबे, नीळ आणि तंबाखू.

दुसऱ्याच दिवशी वादळाने गाठले. ६ सप्टेंबरला आतोचा फ्लोरिडाच्या प्रवाळरांगेवर आदळून बुडाले. त्यावर २६५ माणसे होती. डोलकाठीच्या बुंध्याला धरून पाच जण वाचले: तीन खलाशी आणि दोन गुलाम.

१०/
स्पेनने शोध सोडला नाही. त्याच वादळात बुडालेले 'सान्ता मार्गारीता' १६२६ मध्ये फ्रान्सिस्को नुन्येस मेलियान याला सापडले. त्याने पाणबुड्यांसाठी धातूची मोठी घंटा करवून घेतली होती. उलटी घंटा पाण्यात सोडली की तिच्या आत हवा अडकून राहते आणि पाणबुड्या मध्ये येऊन श्वास घेऊ शकतो. मार्गारीताची पहिली लगड वर काढली ती हुआन बान्योन नावाच्या गुलाम पाणबुड्याने. बक्षीस म्हणून त्याला स्वातंत्र्य मिळाले.

आतोचा मात्र कुणाच्या हाती लागले नाही. पुढची साडेतीन शतके ते वाळूखाली पडून राहिले.

११/
या दरम्यान पोतोसीत एक वेगळेच वादळ घोंगावू लागले. १६४० च्या दशकात युरोपातल्या सराफांच्या लक्षात आले की पेरूहून येणारे रियाल हलक्या कसाचे आहेत. ठसा, ढाल, क्रूस, पारख्याचे अक्षर, सारे जागच्या जागी होते. कसोटीला मात्र चांदी उतरत नव्हती, कारण टाकसाळीच्या आतच तिच्यात भरमसाट तांबे मिसळले जात होते.

राजा चौथा फेलिपे याने चौकशीसाठी फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन याला पाठवले. तपासात चांदीचे बडे व्यापारी आणि टाकसाळीचे अधिकारी यांचे संगनमत उघड झाले.

१२/
चांदीचा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा हा या कटातला सर्वांत बलाढ्य माणूस. १६५० मध्ये त्याला देहदंड झाला. पारखी फेलिपे रामिरेस दे आरेयानो यालाही तीच शिक्षा झाली. नाण्यावरचे आद्याक्षर म्हणजे जबाबदारी, हे त्या दिवशी शब्दशः खरे ठरले.

हिणकस नाण्यांची किंमत उतरवण्यात आली. काहींवर मुकुटाचा बारीक शिक्का नव्याने मारून त्यांचे मूल्य ठरवून दिले गेले. तरीही पेरूच्या रियालवरचा उडालेला विश्वास परत यायला पुष्कळ वर्षे लागली.

१३/
१६५२ मध्ये पोतोसीच्या नाण्याचे रूपच बदलले. आता त्यावर समुद्राच्या लाटांतून उभे राहिलेले हर्क्युलिसचे दोन खांब आले. त्याहून महत्त्वाचा बदल बारकाव्यात होता. टाकसाळीची खूण, पारख्याचे अक्षर आणि वर्ष नाण्याच्या दोन्ही बाजूंवर पुन्हा पुन्हा कोरले जाऊ लागले. वर्ष तर तीन ठिकाणी येई. घाव तिरका बसला किंवा कड छाटली गेली, तरी कुठेतरी पुरावा उरलाच पाहिजे, ही त्यामागची काळजी.

१४/
या संक्रमणकाळाची नाणी इतिहासाला दिली तीही एका बुडालेल्या गलबताने. १६५४ मध्ये आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यालगत दक्षिण समुद्राच्या ताफ्याचे मुख्य गलबत बुडाले. १९९७ मध्ये ते सापडले. मुकुटाचे शिक्के मारलेली आणि नव्या-जुन्या घडणीची नाणी त्यात एकत्र मिळाली.

कोणते नाणे कोणाच्या शेजारी, कोणत्या पेटीत, कोणत्या वर्षी बुडाले हे ठाऊक असले, की मुके नाणे बोलू लागते. नाणे एकटे मिळाले तर ते केवळ चांदी आणि ठसा सांगते. ठिकाणासह मिळाले तर एका विशिष्ट दिवसाची साक्ष देते.

१५/
इथे आपल्या किनाऱ्याकडे थोडे वळायला हवे, कारण ही चांदी इथेही येत होती. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांत मिरी खरेदीसाठी रियालांच्या पेट्या असत. सुरतेत इंग्रज आणि डच व्यापारी तेच नाणे उतरवीत.

मुघल राज्यात मात्र परके नाणे जसेच्या तसे चालत नसे. सराफामार्फत ते टाकसाळीत जाई, वितळवले जाई, शुद्ध केले जाई आणि साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा रुपया होऊन बाहेर पडे. पोतोसीच्या कितीतरी रियालांचा शेवट सुरतेच्या मुशीत झाला.

१६/
त्या रुपयांनाही समुद्राने साक्षीला ठेवले आहे. १९६१ मध्ये श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, ग्रेट बेसेस नावाच्या खडकांत, एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यात औरंगजेबाच्या नावाचे, सुरत टाकसाळीचे, हिजरी १११३ (इ.स. १७०१-०२) मधले चांदीचे रुपये होते. सुमारे हजार-हजार नाण्यांचे गठ्ठे मिठाच्या पाण्यात एकमेकांना चिकटून घट्ट झाले होते. कापडी थैल्या कुजून गेल्या, पण थैलीचा आकार चांदीने धरून ठेवला. ते गठ्ठे फोडून नाणी सुटी केली, की थैलीची ती शेवटची खूणही जाते.

१७/
आता विसावे शतक. १९६० च्या दशकात फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर किप वॅग्नर आणि त्याच्या साथीदारांनी १७१५ च्या वादळात बुडालेल्या ताफ्याची नाणी मोठ्या प्रमाणावर बाहेर काढली. १९६५ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने ती कथा जगभर पोचवली आणि बुडित खजिन्याचे वेड पसरले.

अस्सल नाणे सर्वांना परवडणारे नव्हते. त्यामुळे प्रतिकृतींचा धंदा फोफावला. कुणी गळ्यातले पदक केले, कुणी अंगठी, कुणी नुसतेच संग्रहाचे नाणे.

१८/
मेल फिशर याच काळात आतोचाच्या मागे लागला. खजिन्याचे शोधक तोवर चुकीच्या बेटांभोवती फिरत होते. योग्य दिशा मिळाली ती समुद्रात नव्हे, तर सेव्हिलच्या दप्तरखान्यात. इतिहाससंशोधक युजीन लायन याला तिथे मेलियानच्या कामाची कागदपत्रे सापडली. त्यातल्या एका बेटसमूहाच्या नावावरून शोध सुमारे शंभर मैल पश्चिमेला, मार्केसास बेटांकडे सरकला.

१९७३ मध्ये चांदीच्या तीन लगडी वर आल्या. एकीवर क्रमांक होता ४५८४. आतोचाच्या मालयादीत तोच क्रमांक होता, आणि वजनही जुळले.

१९/
ही जुळणी कशी झाली, ते नीट पाहण्याजोगे आहे. लगड म्हणजे तीस किलोंच्या आसपासचा, पावाच्या आकाराचा चांदीचा ठोकळा. त्यावर अनुक्रमांक असतो. रोमन आकड्यांत कस असतो (शुद्ध चांदीसाठी २४०० हा आकडा). कर भरल्याचे शिक्के असतात. मालकाची खूण असते. पारख्याने कस तपासण्यासाठी खरवडून घेतलेला एक खळगाही असतो.

म्हणजे प्रत्येक लगड ही चांदीवर लिहिलेले एक पान आहे. सेव्हिलमधला कागद आणि समुद्रातली चांदी एकमेकांना पुष्टी देतात, ती या खुणांमुळे.

२०/
शोधाने फिशरच्या घरातूनही किंमत वसूल केली. जुलै १९७५ मध्ये त्याची एक बोट रात्री उलटली; त्यात मुलगा, सून आणि एक पाणबुड्या बुडून मरण पावले. फ्लोरिडा राज्याशी मालकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये निकाल फिशरच्या बाजूने लागला. अखेर जुलै १९८५ मध्ये आतोचाचा मुख्य साठा सापडला. लगडी एकमेकींवर रचून ठेवल्याप्रमाणे पडलेल्या होत्या.

सोळा वर्षे पैसा पुरवणाऱ्या गुंतवणूकदारांत वाटणी झाली. काही वस्तू की वेस्टच्या संग्रहालयात राहिल्या, बऱ्याच लिलावांत आणि खासगी संग्रहांत विखुरल्या.

२१/
समुद्रातून निघालेले चांदीचे नाणे चकाकत नसते. खाऱ्या पाण्यात चांदीचे क्लोराइड आणि सल्फाइड बनते आणि नाण्यावर काळी पुटे चढतात. ढिगाच्या बाहेरच्या बाजूची नाणी झिजून पत्र्याइतकी पातळ होतात. मधोमध दडलेली मात्र बरीच शाबूत राहतात. विद्युत-रासायनिक प्रक्रियेने पुटे काढल्यावर आतले उरलेसुरले रूप दिसते.

म्हणूनच प्रतिकृती पुष्कळदा अस्सलापेक्षा देखणी असते. समुद्राने आपला हिस्सा तिच्याकडून घेतलेला नसतो.

२२/
प्रतिकृती ओळखायची कशी? साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ दिसू शकते. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. घावाने उमटलेल्या रेषांचा तीक्ष्णपणा नसतो. चांदीचा कस बहुधा आधुनिक दागिन्यांचा, म्हणजे हजारी ९२५ असतो.

पण सर्वांत मोठा पुरावा वेगळाच आहे. घणाने पाडलेली दोन नाणी कधीच हुबेहूब नसतात. तोच तिरका घाव, तीच कापलेली कड, तोच ओरखडा दोन नाण्यांवर दिसला, तर त्यातले निदान एक प्रतिकृती असते; बहुधा दोन्ही.

२३/
अमेरिकेत १९७३ मध्ये छंद संरक्षणाचा कायदा झाला. नाण्याच्या प्रतिकृतीवर 'कॉपी' हा शब्द ठळक आणि न पुसता येण्याजोगा कोरलेला असलाच पाहिजे, असे तो सांगतो. २०१४ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला.

हा शब्द म्हणजे एका अर्थी आजच्या काळातले पारख्याचे अक्षर. तो असेपर्यंत प्रतिकृती प्रामाणिक असते. कुणीतरी तो घासून काढतो, नाणे काळवंडवतो, चार हात फिरवतो, आणि एक दिवस ते अस्सल म्हणून विकले जाते. सावध राहायचे ते या प्रवासाबाबत.

२४/
आता की वेस्टच्या त्या नाण्याकडे परत येऊ. ते स्वतःला प्रतिकृती म्हणवते, म्हणजे फसवत नाही. त्याची चांदीही आतोचाचीच आहे. तरीही एक प्रश्न उरतो: ही चांदी आली कुठून? समुद्रातून वर काढलेल्या काही लगडी वितळवून ती मिळवली गेली. अनुक्रमांक, कस, कराचे शिक्के, मालकाची खूण, पारख्याचा खळगा, सारे त्या मुशीत गेले.

अणूंच्या हिशेबाने काहीच हरवले नाही. इतिहासाच्या हिशेबाने एक पान जाळून त्याच्या राखेची शाई केली गेली आणि त्या शाईने दुसऱ्या पानाची नक्कल काढली.

२५/
इथे कुणी विचारील की मुघल टाकसाळीनेही रियाल वितळवलेच होते. त्याला दोष का नाही? फरक काळाचा आहे. सुरतेच्या सराफापुढे आलेला रियाल हा चालता पैसा होता. तसे लक्षावधी रियाल त्या वेळी जगात फिरत होते, आणि वितळणे हा चांदीच्या आयुष्यातला नेहमीचा टप्पा होता. १९८५ नंतर वर आलेली लगड पैसा उरलेली नव्हती. तिच्याबरोबरच्या बहुतेक साऱ्या लगडी शतकांपूर्वीच नाणी, भांडी, दागिने होऊन गेल्या होत्या. समुद्राने चुकून जपून ठेवलेली ती मोजक्या साक्षीदारांपैकी एक होती.

२६/
कायद्यालाही हा फरक हळूहळू कळला. अमेरिकेने १९८८ मध्ये आपल्या किनारी पाण्यातली टाकून दिलेली जहाजे राज्यांच्या ताब्यात दिली. युनेस्कोच्या २००१ च्या कराराने पाण्याखालच्या वारशाच्या व्यापाराला विरोध केला, आणि तो २००९ पासून लागू झाला. अमेरिका मात्र त्यात सहभागी नाही.

१८०४ मध्ये बुडालेल्या 'मेर्सेदेस' या स्पॅनिश युद्धनौकेतली जवळजवळ सहा लाख नाणी एका खासगी कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेत नेली होती. खटला हरल्यावर २०१२ मध्ये ती स्पेनला परत करावी लागली. आज ती कार्ताखेना शहरातल्या सागरी पुरातत्त्वाच्या संग्रहालयात आहेत. विखुरली नाहीत, वितळली नाहीत.

२७/
प्रतिकृतीचा एक तिसरा मार्गही अलीकडे दिसला आहे. 'सान होसे' हे स्पॅनिश गलबत १७०८ मध्ये इंग्रजांशी लढताना कोलंबियाच्या किनाऱ्यापुढे बुडाले. २०१५ मध्ये ते सुमारे ६०० मीटर खोलीवर आढळले. दूरनियंत्रित यानाने काढलेल्या छायाचित्रांतून तिथल्या सोन्याच्या नाण्यांच्या त्रिमितीय प्रतिमा तयार केल्या गेल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांवरून लिमा टाकसाळीची खूण, लाटांवरचे खांब आणि १७०७ हे वर्ष वाचले गेले.

त्या अभ्यासासाठी नाण्याला कुणी हात लावला नाही. ते तळावर असतानाच ते वाचले गेले, आणि त्याची प्रतिकृती मात्र पृथ्वीच्या पाठीवर कुठेही अभ्यासता येते.

२८/
हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर महाराष्ट्रातल्या बाजारांत मिळणारे शिवराई होन आठवून पाहा. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ. मुलाम्याच्या प्रतिकृती मात्र सहज मिळतात. त्यांत वावगे काही नाही. ज्या मुलाने तसा होन तळहातावर धरून 'श्री राजा शिव' ही अक्षरे पहिल्यांदा वाचली, त्याच्यासाठी ती प्रतिकृती इतिहासाचे दार उघडते. पण तीच प्रतिकृती 'आजोबांच्या पेटीत सापडली' म्हणून विक्रीला आली, की तेच दार बंद होते. तांब्याच्या अस्सल शिवराया मोडीत काढून जर कुणी त्यांचे 'अस्सल तांब्याचे' स्मृतिचिन्ह पाडले, तर ते आपल्याला कसे वाटेल?

२९/
तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. रोचाच्या नाण्यावर ठसा खरा होता आणि चांदी हिणकस. सतराव्या शतकाने त्याला खोटे ठरवले, कारण त्या काळी नाण्याकडून चांदीची अपेक्षा होती. की वेस्टच्या नाण्यात चांदी खरी आहे आणि ठसा उसना. आज आपण जुन्या नाण्याकडून चांदी मागत नाही, ती सराफाकडे हवी तेवढी मिळते. आपण त्याच्याकडून साक्ष मागतो. आणि साक्ष धातूत नसते. ती घावात असते, खुणेत असते, नाणे जिथे पडले होते त्या जागेत असते.

३०/
प्रतिकृती जरूर घ्यावी. ती हातात धरून पोतोसीच्या बोगद्यातला मजूर, लगडीत खळगा पाडणारा पारखी, घंटेखाली श्वास घेणारा हुआन बान्योन यांची आठवण करावी. घेताना दोनच गोष्टी विचाराव्यात. ही स्वतःला प्रतिकृती म्हणते का? आणि हिच्यासाठी काय वितळवले गेले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाण्यावर कोरलेले असायला हवे. दुसऱ्याचे उत्तर बहुधा प्रमाणपत्रातच, अभिमानाने छापलेले सापडेल.

#थ्रेड समाप्त